सपरीतल्या ध्यानाचे फायदे

२ ऑक्टोबर २०२४, बुधवार. सकाळ

आज चहाच्या वेळी घरच्या सगळ्यांची तब्येत एकेक करून विचारली. बायकोला, प्रेमिलाला म्हटलं, कंबर कशी आहे? म्हणते, कंबर जागेवरच हाये, विचारणारा कोठी गेला होता? लोकेशला म्हटलं, पित्त कसं आहे? म्हणतो, बाबा, धान कापणीला आला, पित्ताकडे पाहायला टाइम नाही. सूनबाईचं, म्हणजे पिंकीचं, डोकं दुखते. मोबाइलने नाही, असं तिने न विचारता सांगितलं. गायीला विचारलं, ती बरी आहे. माझी मीच विचारली. बीपी गोळीवर आहे, दात चार गेले, बाकी ठणठणीत. फक्त राग.

भिंतीपलीकडे धाकटा भाऊ राहतो, चंद्रकुमार. त्याची विचारली नाही. पाच वर्षांपासून आमचं बोलणं नाही. त्याचा खोकला इकडे ऐकू येतो. मी ऐकत नाही, तो येतो.

तर रागावर इलाज म्हणून आजपासून ध्यान. गुरू केला नाही. राइस मिलमध्ये जन्म गेला, तिथलं मशीन मी नुसतं पाहून पाहून शिकलो, तर श्वास कोणता मोठा इंजिन आहे? मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, बस स्टँडवरून एक लहान पुस्तक आणलं. सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, चटई टाकायची, पाठ सरळ, डोळे बंद, श्वास आला-गेला पाहायचा. एवढंच. रोज जो फायदा होईल तो इथे लिहायचा. कोणाला दाखवायचं नाही.

५ ऑक्टोबर. सकाळ

फार खोल गेलो. पिंकीने समोर चहा ठेवला तेही कळलं नाही, वर साय आली. पहिल्याच आठवड्यात समाधी लागणं लहान गोष्ट नाही. प्रेमिला म्हणते, घोरून राहिले होते. मी म्हटलं, तो श्वास मोठा झाला होता. ती म्हणे, गाय दचकली ना बाप्पा.

फायदा: झोप सुधारते.

९ ऑक्टोबर

समोरच्या नंदलालची बकरी ध्यानाच्या वेळी सपरीत चढली आणि माझ्या खांद्यावरचा दुपट्टा खाऊ लागली. चप्पल फेकली हे खरं आहे. पण राग आला तो चप्पल शोधताना. हातात येईपर्यंत मी पूर्ण शांत झालो होतो. फेकली ती शांतपणे. बकरीला लागली नाही, नंदलालच्या सायकलच्या दिव्याला लागली. नंदलाल म्हणे, काका, ध्यानानं निशाणा तं पक्का करून टाकला तुमचा!

फायदा: रागावर ताबा.

१२ ऑक्टोबर. दसरा

गाव सोनं द्यायला येऊन गेलं. चंदू आला नाही. मी मोठा, मी कसा जाणार? बायका मात्र ऐकत नाहीत. प्रेमिलाने भिंतीवरून हात करून धुरपताला, म्हणजे चंदूच्या बायकोला, सोनं दिलं. दोघी तिथेच भिंतीला हनुवट्या टेकून बोलत राहिल्या.

बातमी अशी आली की चंदू आणि धुरपता गाव सोडून चालले. भिलाईला, मंजूकडे. मंजू त्यांची एकुलती पोरगी. चंदूला दम लागतो, तिकडे मोठा दवाखाना जवळ आहे, शेती बटईने देऊन टाकली. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, झाली की घराला कुलूप.

मी म्हटलं, जाऊ दे. मला काही वाटलं नाही. ध्यानाने माणूस सम होतो. संध्याकाळी पुरणपोळी गेली नाही, ती दुपारच्या वड्यांमुळे.

१३ ऑक्टोबर

राग कुठून येतो ते तपासावं, असं पुस्तकात आहे. तपासलं.

त्या वर्षी पाऊस लागून राहिला आणि माझं पऱ्हं, म्हणजे धानाची कोवळी रोपं, बांधीतच सडलं. रोवणी तोंडावर आलेली, लावायला रोप नाही. चंदूचं रोवून झालं होतं आणि त्याच्या बांधीत पऱ्हं उरलं होतं. हिरवंगार, बोटभर नाही, वीतभर. मी रोज त्याच्या धुऱ्यावरून जायचो. मुद्दाम. सायकलची घंटी वाजवत जायचो, थांबायचो, पऱ्ह्याकडे पाहायचो, पुढे जायचो. भावाला एवढ्यावर समजायला पाहिजे की नाही? त्याने ते नंदलालला देऊन टाकलं. का तर म्हणे नंदलालने मागितलं.

मागितल्यावर कोणीही देतो. न मागता द्यायला भाऊ लागतो.

चंदूचं म्हणणं तेव्हा प्रेमिलाच्या तोंडून आलं होतं: दादानं एक शब्द टाकला असता तं जुड्या डोक्यावर घेऊन आलो असतो. मले काय माहीत, तो घंटी कायले वाजवते? मी म्हटलं, शब्द टाकायला मी काय भिकारी आहे? तेव्हापासून बंद.

तपासलं. चूक माझ्या बाजूला सापडली नाही. मन हलकं झालं.

१६ ऑक्टोबर. सकाळ

आज श्वासावर बसून चंदूला माफ केलं. पूर्ण. पऱ्ह्यासकट.

प्रेमिलाला सांगितलं. तिला वाटलं मी तिकडे जाऊन आलो. लगबगीने पदराला हात पुसत म्हणे, काय बोलले भाऊजी? मी म्हटलं, बोलायचं काय त्यात, मी मनात माफ केलं. तिचं तोंड उतरलं. म्हणे, मंग त्याले कसं समजन? मी म्हटलं, माफी ही आतली गोष्ट आहे, ती पोस्टाने पाठवत नाहीत. ती म्हणे, पोस्ट कायले पाहिजे, भिंत तं हाये मधात, हाक मारा. अध्यात्म सगळ्यांनाच झेपत नाही. मी रागावलो नाही. फक्त ताट सरकवलं.

फायदा: क्षमाशीलता.

२० ऑक्टोबर. रविवार

आपल्याला मिळालं ते गावाला द्यावं म्हणून ध्यानाचा क्लास सुरू केला. किराणा दुकानावर कागद लावला. नंदलाल आला. दुसरं कोणी आलं नाही, धानाचे दिवस आहेत. नंदलालने दोनदा एक डोळा उघडून विचारलं, काका, आता चहाच का अजून श्वासच?

त्याला शिस्तीचं महत्त्व समजावून सांगितलं. ध्यानात बसलेल्या माणसाला हाक मारू नये, हात लावू नये. नसा आखडतात, कधी कधी जीव जागेवर परत यायला वेळ लागतो. पुस्तकात हे एवढं नाही, थोडं मी वाढवलं. नंदलाल घाबरून चहा न घेता गेला. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर बोलणं सुरू होतं की ईश्वरदासकाका बसले की बाजूला तोफ उडवा, त्यांचे डोळे उघडत नाहीत. लोकेशने घरी येऊन सांगितलं. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात; पिंकी हसून म्हणे, मामाजी, मंग बकरी कशी दिसली? मी डोळे मिटले.

फायदा: गावात मान.

२८ ऑक्टोबर. पहाट

श्वासावर लक्ष ठेवायचं. कोणाच्या श्वासावर, ते पुस्तकात लिहिलेलं नाही.

पहाटे गाव निजलेलं असतं. भिंतीपलीकडे चंदूही उठून बसतो, निजलं की दम लागतो ना त्याला. खोकतो, मग थांबतो, मग एक बारीक शिट्टीसारखा आवाज येतो छातीतून. लहानपणी पण यायचा. बाप त्याला ओव्याचं तेल चोळायचा आणि मी कंदील धरायचो. मी श्वास घेतो, तो घेतो. त्याचा अडकला की माझाही थोडा अडकतो. आज कमी खोकला. बरं वाटलं.

ध्यानाने बरं वाटतेच.

३ नोव्हेंबर. भाऊबीज

मोठी बातमी! धुरपताने भिंतीवरून प्रेमिलाला सांगितलं: मंडईच्या दिवशी दुपारच्या गाडीने निघणार, त्याआधी सकाळी हे दादाच्या पाया पडायला येणार म्हणतात. चंदू स्वतः येणार. पहिले तो. मी काही न बोलता, न मागता.

महिनाभराच्या ध्यानाचं फळ दुसरं काय असते? माणूस इथे बसतो आणि भिंतीपलीकडचं मन वितळते. प्रेमिला चुलीजवळ जाऊन डोळे पुसत होती. म्हणे धुरामुळे. गॅस होता.

६ नोव्हेंबर. संध्याकाळ

उद्याचं पक्कं केलं. काय बोलायचं ते न्हाणीत म्हणून पाहिलं. ‘ये, चंदू. बस.’ पहिले ‘ये रे’ होतं, ते जरा जास्त वाटलं. मग ‘दम कसा आहे?’ मग ‘तिकडे करमत नसेल तर परत ये, घर आपलंच आहे.’ पऱ्ह्याचं काढायचं नाही. त्याने काढलं तर हात हलवून ‘सोड’ म्हणायचं.

आणि तो येईल तेव्हा मी ध्यानात असावं, असं ठरवलं. त्याला दिसलं पाहिजे की दादा कुठल्या कुठे गेला. तो ‘दादा’ म्हणेल. एकदाच म्हटलं तरी चालेल. मी हळूच डोळे उघडीन.

प्रेमिलाला हे आवडलं नाही. आमच्याकडे माणूस अंगणात आला की घरच्या मोठ्याने पाय धुवायला पाण्याचा गडवा हातात द्यायचा. दिला म्हणजे या. नाही दिला म्हणजे समजून घ्या. ती म्हणे, डोये मिटून कायले बसता? गडवा घेऊन दारात उभे राहा ना भाऊ येते तं. मी म्हटलं, गडवा भरून सपरीत ठेव, डोळे उघडले की मीच देईन. ती म्हणे, तुमी आणि तुमचे डोये!

७ नोव्हेंबर. मंडई. सकाळ

अंघोळ झाली. पांढरा सदरा. गडवा भरून ठेवला. गावात भोंगे वाजू लागले, पाळणेवाला आला. मन सरोवरासारखं आहे. बसतो.

त्याच दिवशी. दुपार

जसं झालं तसं लिहितो.

प्रेमिला आणि पिंकी मागच्या अंगणात चुलीवर वडे तळत होत्या, लोकेश कापणीवर. फाटक वाजलं. खोकला आला. डोळे बंद होतेच, ते आणखी बंद केले.

दोघं आले. चपला काढल्याचा आवाज. तो सपरीच्या काठावर बसला, दम खात. मी वाट पाहिली. ‘दादा’ एवढंच म्हणायचं होतं. धुरपता कुजबुजली, आवाज द्या ना. तो म्हणे, नाही, नाही, ध्यानात हाये. नंदलाल सांगत होता, नसा आखडतात. ती म्हणे, मंग? तो म्हणे, बसू थोडं, उठंल.

धुरपता हाक मारू शकत नाही. मी तिचा भासरा. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्या बाया हाक मारत नाहीत, समोरही पदर ओढूनच येतात.

माशी आली, नाकावर बसली. मी हललो नाही. आजवरचं सगळ्यात कठीण ध्यान. मनात म्हणून राहिलो, म्हण, चंदू. एकदा म्हण. हळू म्हटलं तरी मी ऐकतो. तो काही म्हणेना. त्याच्या छातीतली शिट्टी तेवढी येत होती, इतक्या जवळ की मी हात लांब केला असता तर त्याच्या पाठीला लागला असता.

धुरपता म्हणे, गाडीचा टाइम होऊन राहिला. मग माझ्या पायाला काहीतरी लागलं. फार हलकं. त्याचे हात गार होते.

मी विचार केला, आता बोलेल. पाया पडल्यावर माणूस बोलतोच. चपला वाजल्या. फाटक वाजलं. घाईने उघडले असं दिसू नये म्हणून थोडे श्वास आणखी घेतले. मग डोळे उघडले. अंगणात ऊन होतं. गडवा भरलेला होता.

प्रेमिला वड्यांचं ताट घेऊन बाहेर आली, गरम वाफ निघत होती. म्हणे, भाऊजी आले नाही का अजून? मी म्हटलं, येऊन गेला. ध्यानात होतो, मला काही कळलं नाही.

तिने ताट खाली ठेवलं. मग म्हणे, कळलं नाही तं येऊन गेला म्हणून कसं समजलं?

संध्याकाळ

सायकल घेऊन थोडा बाहेर पडलो होतो. जास्त बसलं की पाय मोकळे करावे लागतात. सौंदड स्टेशनकडे जायचा विचार नव्हता, रस्ता तिकडेच जातो. घाई केली नाही, घाम आला तो चढामुळे. प्लॅटफॉर्म रिकामा होता. एक माणूस मुरमुऱ्याचं पोतं घेऊन बसलेला. म्हणे, गाडी गेली काका, मंडईले आलेले लोक उतरले, दोघंच चढले.

मंडईला सारी दुनिया गावात येते. आमच्याकडचे दोघंच गेले.

परत आलो तेव्हा रात्रीच्या दंडारीच्या नाचाचे ढोल सुरू होते. वडे थंड झाले होते.

१२ नोव्हेंबर

प्रेमिला बोलत नाही. जेवण वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. तिला म्हटलं, मौन हाही साधनेचाच भाग आहे, चांगलं आहे. ती पिंकीला म्हणाली, तुह्या मामाजीले सांग, मले साधना नाही, मले माहा दीर पाहिजे होता.

लोकेशही म्हणाला, बाबा, काकाजी माझ्या लग्नात दमा असून तीन दिवस पंगतीला वाढत होते. मी म्हटलं, मग मी काय केलं त्यांना? मी तर माफ केलं आहे. मला उठवायला पाहिजे होतं त्याने. एवढा भाऊ आहे तर माणूस नसांना भीत नाही. नंदलालचीच चूक आहे ही. पऱ्हंही त्यानेच नेलं होतं.

१५ नोव्हेंबर. पहाट

ध्यान लागत नाही. शांतता फार आहे.

भिंतीपलीकडे काही नाही. श्वास घेतो, सोडतो, पुन्हा घेतो. एकट्याने घ्यायला कंटाळा येतो. जागा बदलून पाहिली, चटई बदलली, उदबत्ती बदलली. पिंकी म्हणे, मामाजी, आजकाल तुमी घोरत पण नाही.

फायदा: आज लिहायचा राहिला.

१८ नोव्हेंबर

पिंकीने मंजूला फोन लावला आणि मला न विचारता माझ्या कानाला लावला. मंजू खूश झाली. मोठे बाबा, मोठे बाबा करत राहिली. लहानपणी माझ्या सायकलच्या दांड्यावर बसायची. मी म्हटलं, चंदू कसा आहे? पाच वर्षांनी दुसऱ्यासमोर तोंडातून नाव गेलं, आणि गेलं तर किती सोपं गेलं.

ती म्हणाली, बाबा तुमचंच सांगून राहतात सगळ्यांना. म्हणतात, दादाचं तोंड एवढं शांत मी जन्मात पाहिलं नव्हतं. रागाचं नाव नाही. पाहूनच समजलं, त्यानं मले माफ करून टाकलं. एवढं चांगलं बसलेल्या माणसाला उठवून पाप कायले घ्यावं? मी पाया पडलो, माहं काम झालं.

मी ‘हो’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

म्हणे, आता बाबा पण बसतात, सकाळ-संध्याकाळ, बाल्कनीत. डॉक्टरही म्हणाले, चांगलं आहे. त्या वेळी फोन घेत नाहीत, आम्ही पण हाक मारत नाही, तुमची शिस्त आहे म्हणून. आणि मोठे बाबा, एक विचारायला सांगितलं त्यांनी. बोलून त्यांना दम लागतो, तर तुम्ही लिहून पाठवा म्हणाले: डोळे मिटले की गावच दिसते. मन कुठे ठेवायचं?

मी म्हटलं, सविस्तर लिहून पाठवतो.

२१ नोव्हेंबर

उद्या पाठवतो. मोबाइलवर टाइप करायला बोट बसत नाही. पिंकीला सांगितलं असतं, पण या गोष्टी गुरु-शिष्याच्या असतात.

२४ नोव्हेंबर. रात्र

आता पाठवला तर तो निजला असेल. सकाळी पाठवला तर ध्यानात असेल. म्हणून आधी इथे लिहून पाहतो, मग शांतपणे तिकडे उतरवीन.

चि. चंद्रकुमार यास,

पाठ सरळ ठेव. पोट रिकामं ठेव. श्वास येतो तसा येऊ दे, ओढू नको, तुला आधीच त्रास आहे. गाव दिसलं तर दिसू दे. मलाही दुसरं काही दिसत नाही.

त्या दिवशी मी जागा होतो.

(ही ओळ काढायची. त्याला माझं तोंड शांत दिसलं, त्यावर तो बरा होऊन राहिला आहे. आता खरं सांगून त्याला कायले दुखवायचं? यात माझा काही स्वार्थ नाही. पण ही ओळ काढली की बाकीचं त्या पुस्तकातलंच उरते, ते मंजू दुकानातून आणून देईल.)

चंदू, मी जागा होतो. सगळं ऐकलं. तू हाक मारशील म्हणून थांबलो होतो.

तू फोन घेत नाहीस, म्हणून लिहितो. दोन ओळी लिही. नाही तर एकच लिही. दादा म्हणून लिहिलंस तरी पुरे. पण लवकर लिही.